रविवारची वीस मिनिटं

पर्वरीला लोटलीकरांच्या बंगल्यात
एक पिवळी गाडी झोपलेली असते
कापडाच्या आवरणाखाली.
चावी माझ्याकडे. महिन्याला दोन हजार.
काम एवढंच : रविवारी वीस मिनिटं फिरवायची.
तेल हललं पाहिजे,
टायर एका जागी चपटे होता कामा नयेत,
उंदरांनी वायरिंगात संसार मांडू नये.
विश्वंभरबाब दुबईहून नाताळात येतात,
दोनदा मिरामारपर्यंत जातात,
की पुन्हा आवरण.
सात वर्षांत चार हजार एकशे किलोमीटर,
त्यातले निम्म्याहून जास्त माझे.
दाराच्या कडांचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

हळदोण्याच्या एर्मेलिंदा टीचर
रोज तसलीच चालवतात.
तसलीच म्हणजे दोनच सीट, नाक लांब,
पोट जमिनीला टेकायच्या बेतात.
तारवटी भाऊ जाताना मागे ठेवून गेला.
गाडीचं वय एकवीस, टीचरचं एकाहत्तर.
सकाळी मिस, मग म्हापशाचा बाजार,
डिकीत मावते एक छत्री आणि अर्धा चोणक;
उरलेला अर्धा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
उतरताना आधी एक पाय,
मग पिशवी, मग काठी,
मग जेझूचं नाव घेऊन बाकीच्या टीचर.

एक लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर.
"मेस्ता, मयड्याच्या स्पीडब्रेकराचेर परत घासली रे."
मी खाली सरपटतो.
तिथले ओरखडे मला तोंडपाठ आहेत :
हा मयड्याचा, हा बँकेसमोरचा,
आणि हा पंचायतीनं एका रात्रीत घातला, रंग न देता, त्याचा.
सीटला मासळीचा वास आहे,
कितीही लिंबू चोळा.

एकदा म्हटलं, "टीचर, रोजला एखादी साधी घ्या,
ही ठेवा सणासुदीला."
पाढा चुकलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.
"माझ्या आईचा एक बरा झगा होता पेटीत.
सणाला, सणाला करत राहिली.
शेवटी एकदाच अंगावर आला,
तोही दुसऱ्यांनी घातला."
मग क्लचप्लेटचं बिल ऐकलं
आणि दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत.
क्लच दाबून गुडघा सुजतो त्यांचा,
ते मात्र त्या कुणाला सांगत नाहीत.

माझा रविवारचा रस्ता ठरलेला,
साल्वादोर द मुंदपर्यंत आणि परत.
नोव्हेंबरात एकदा वळणावर पोदेर भेटला,
सायकल लावून उभा.
चार उंडे घेतले. ठेवायचे कुठे?
शेजारच्या सीटवर ठेवले, कागदावर,
त्या सीटवर तोवर कुणीच बसलं नव्हतं.
सात वर्षं शोरूमचा वास सांभाळणारी गाडी
पहिल्यांदा पावाच्या वासानं भरली.
मी वीसऐवजी पस्तीस मिनिटं फिरलो,
काच बंद करून.

डिसेंबरात फोन आला.
"मेस्त, सीटवर मुंग्या कशा?"
बोलायला खूप होतं मनात.
म्हणालो, "हवा दमट आहे, पात्रांव. साफ करतो."
तिकडे बराच वेळ काही नाही.
नोकरी गेली असं धरून मी पाना खाली ठेवला.
मग आवाज आला, जरा खालचा :
"उंडे होते की पोळी?"
"उंडे."
"अजून येतो तो? किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी साडेसातला
पिवळी गाडी माझ्या गॅरेजसमोर,
विश्वंभरबाब पायजम्यात, केस विस्कटलेले,
मांडीवर गरम कागद.
"साल्वादोरच्या उतारावर घासली, मेस्त.
बघ जरा. फार झालंय का?"

बॅटरी घेऊन मी खाली सरपटलो.
विताएवढा एक ओरखडा,
ताजा, चकचकीत.
बघायला जितका लागतो
त्याहून बराच वेळ मी खाली पडून राहिलो.
वरून चुरा पडत होता,
बाब उभ्यानंच खात होते.