विंचू

चप्पल लाईनीतल्या भैरू सातपुतेनं
तळाच्या दोन चामड्यांमध्ये
बिया शिवल्या होत्या, माझ्याच सांगण्यावरून.
त्याला ते विंचू म्हणतात.
कर्र कर्र वाजत मी शाळेत शिरायचो,
व्हरांडा आधीच गप्प.
निवृत्त झालो, तरी घरात
आवाज माझ्यापुढं चार पावलं.

परवा भवानी मंडपापाशी अंगठा तुटला.
वहाणा भैरूकडं टाकून
अनवाणी आलो, पाय पोळत,
आणि दाराबाहेर थबकलो.
आत हसत होते. सगळे.
सून माझी नक्कल करत होती,
हुबेहूब, खाकरण्यासकट,
आणि ही, जिला चाळीस वर्षांत
मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं,
डोळे पुसत म्हणत होती,
पुन्यांदा कर गं.

मी पायरीवर बसलो.
खिशात किल्ली चाचपावी तसा राग शोधला.
सापडला,
पण कुठल्या कुलपाचा, ते आठवेना.

संध्याकाळी भैरू म्हणाला,
इंचू काढू का, सर? झिजल्यात आता.
काढ म्हणवेना.
राहू दे, तेही म्हणवेना.
एका पायातला काढ, म्हटलं.

रंकाळ्यावर लोक वळून बघतात,
म्हातारा लंगडतो की काय.
घरी निम्मीच वर्दी पोचते.
काल मी आत गेलो
तेव्हा हसू अजून थांबायचं होतं.