वहीत आठवं नाव

गजरा बाहेर. टिकली बाहेर. बांगड्या डब्यात.
तळेगाव फाट्यापासून आत, पॉलिहाउसमागच्या खोलीत
सकाळी आठला मी हातांना स्पिरिट चोळते,
भेगांत झोंबेपर्यंत.

समोर काच. काचेआडून सारखं वारं,
फुंकर म्हणावी तर कुणाचीच नाही.
चिमटा ज्योतीत धरायचा, निवू द्यायचा,
बाटलीतला झुबका काढून कोंब सोडवायचे:
एकाचे चार, चारांचे सोळा.
जरबेराला इथे माती ठाऊक नाही.
खरवसासारख्या थरथरत्या थरात तो पाय रोवतो,
साखर खातो,
सोळा तास ट्यूबलाइटचा दिवस, आठ तास रात्र.
वीज गेली तर जनरेटर. आभाळाचा संबंध नाही.

आई म्हणायची, मागून आणलेली फांदी रुसते,
चोरलेली धरते.
तिच्या डालड्याच्या डब्यांत अर्धी आळी फुलायची.
मी न मागता, न चोरता
महिन्याला नऊ हजार रोपं करते,
सगळी एकाच आईची.
ती आई परदेशात कुठेशी.
आमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही.

चौथ्या दिवशी गराडे मॅडम बाटल्या उजेडासमोर धरतात.
गढूळ दिसली, काळा ठिपका दिसला
की वहीत नाव.
माझं या महिन्यात सात वेळा.
"कापताना बोलतेस तू, रोहिणी."
बोलते. मास्कच्या आत. अगदी हळू.
एवढुशा मुक्याला पातं लावताना
काहीतरी म्हणावंच लागतं ना:
सरक जरा, झालंच, हे बघ, झालं.

परवा नणंदेच्या दिराचं लग्न,
पुण्यात, सिंहगड रोडच्या कार्यालयात.
स्टेजमागे जरबेरांची अख्खी भिंत,
तांबडे, एका मापाचे, मानेला तार टोचलेले.
मी जवळ जाऊन एकेक बघत राहिले.
वास नव्हताच. वास होता तो माझ्या गजऱ्याला.
वरून तिसऱ्या रांगेत एक सापडला,
एक पाकळी उलटी वळलेली.
हा माझ्या हातचा, मी ठरवून टाकलं.
फोटोवाला ओरडला, "काकू, फ्रेममधून बाजूला!"
झाले बाजूला.

सोमवारी पुन्हा स्पिरिट, ज्योत, चिमटा.
शुक्रवारी वहीत आठवं नाव.
"आता काय बोलत होतीस?"
मी मान खाली घातली.

सांगत होते त्याला, तुझा भाऊ भेटला पुण्यात.
मठ्ठा आंबट होता,
पण तो छान दिसत होता.