दोनदा

तेंदूपत्त्याची फळी उठली की
मे महिन्यात आमच्या गावाला काही काम नसे.
मसराम भाऊ वायरमन होते.
खांबावरून उतरले की रविवारी
रिकाम्या पोट्ट्यांना समाजमंदिरात बोलवायचे.
मी पहिल्यांदा गेले ती मुरमुऱ्यांसाठी,
खरं सांगायला काय जातं.

तिथं फळा नव्हता, हजेरी नव्हती.
एक पत्र्याची पेटी. तिच्यात भिंग, सायकलच्या तारा,
पाणी भरलेला उडालेला बल्ब,
आणि पेटीवर वाकलेला निताराम,
जो प्रत्येक वस्तू आधी चाटून पाहायचा.

संक्रांतीला भाऊंनी अंगणात
ओळंबा लावून हातभर गज रोवला.
"रोज दुपारची सावली मोजा.
सगळ्यात लहान कोणती, ते मले सांगा.
मी नाही सांगणार."

आणि त्यांनी खरंच सांगितलं नाही.

त्या दिवशी सावली गजाहून थोडी कमी.
होळीला निम्म्याच्याही आत.
बाकीचे कंटाळले, कोणी मामाच्या गावाला गेलं.
मी बिडीच्या कट्ट्याच्या कागदावर आकडे लिहीत राहिले.
आई म्हणे, "उन्हात काय मोजून रायली बाई, पैसे आहेत का?"

तेवीस मे. बारा वाजून सात मिनिटं.
गज होता.
सावली नव्हती.
निताराम उड्या मारून पाहत होता
त्याची त्याच्या पायाखालून निसटते का.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही, मी गेले.
सावली परत आली होती, बोटाच्या पेराएवढीही नाही,
पण उलट्या बाजूला, नदीकडे.
जन्मभर उत्तरेला पडलेली दुपार
दक्षिणेला झुकली होती
आणि गावात कुणालाच पत्ता नव्हता.

ऑगस्टात शाळेत चाचणी.
दुपारी बारा वाजता सूर्य कोठे असतो?
मी लिहिलं, डोक्यावर नसतो.
आपल्या गावात वर्षातून दोनदाच येतो,
तेही बाराच्या ठोक्याला नाही.
गुरुजींनी लाल भोपळा काढला, भला मोठा.

पेपर घेऊन मी खांबाखाली उभी राहिले.
भाऊ उतरले. वाचला. हसतील वाटलं.
"दोनदा काऊन लिहिलं?"
गेलेली सावली वापस येईनच ना, मी म्हटलं.
"येईन. पण तू पाहिली का?
जुलैत तर आभाळ होतं."
पेपर घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला
आणि पुन्हा वर चढले.

मी शास्त्रज्ञ वगैरे झाले नाही.
तालुक्याला पाणी तपासायच्या खोलीत काम करते,
बाटल्यांवर गावांची नावं लिहिते,
पाहिलं तेवढंच लिहिते.
तो गज मी मागून आणला. त्यावर आता वालाचा वेल चढतो,
फक्त जुलैत एक दिवस मी तो सोडवते.

वीस तारीख, बारा सोळा.
एकोणीस वर्षं झाली, दरवेळी ढग.
एकदा अर्धं मिनिट उजेड फाकला होता
आणि माझा चष्मा घरात होता.

दोनदा
मी अजून लिहिलेलं नाही.