नॉर्मल

मशीनमधून कागद सरकत बाहेर येतो,
गुलाबी चौकटींवर काळी रेघ,
आणि या महिन्यात तिसऱ्यांदा
मी एर्सिलिया कात्रिलेफला सांगतो : नॉर्मल.

ती उठत नाही.
मनगटांना मासळीचा वास,
पेरांवर दोन-तीन खवले, अजून चमकणारे.
बाजारात मर्लुसा सोलत होती म्हणे, भर अकराला,
गिऱ्हाईक सुट्टे मोजत होतं,
आणि एकाएकी छातीत धस्स.
बोटांना मुंग्या, ओठ बधिर,
आवाज सगळे पाण्याखालून आल्यासारखे,
हवा समोर आहे पण आत येत नाही,
आणि पक्की खात्री, की आता मी मेले.
वीस मिनिटांनी कळतं, मेले नाही.
"त्याचीच लाज वाटते," ती म्हणते.

मग विचारते,
"नॉर्मल म्हणजे खोटं का?"

दीर म्हणतो, थेरं आहेत.
जाऊ कॅमोमाइलचा काढा देते आणि वर टोमणा.
वाल्दिव्हियाचे डॉक्टर गुरुवारी येतात,
आज सोमवार.

मी डॉक्टर नाही.
मी चिकट चकत्या लावतो, वायरी जोडतो, कागद फाडतो.
तरी म्हणालो : तो भोंगा आठवतो?
तीन ऑगस्टांपूर्वी, जेवायच्या वेळेला,
टेकडीवरचा?

कोर्रालमध्ये कुणाला आठवणार नाही.
पायाखालची जमीन सरकणे
हा आमच्याकडे वाक्प्रचार नाही.
जड ट्रक गेला तरी दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहणारे आम्ही,
भोंगा ऐकला आणि सुटलो.
बेकरीवाला एलिओदोरो एका पायात बूट घालून,
तू काखेत शेजारणीचं पोर मारून.
वर पोचलो, काळोखात समुद्राकडे बघत बसलो.
लाट आली नाही.
वायरीत पाणी शिरलं होतं,
असं दुसऱ्या दिवशी नगरपालिकेनं चिकटवलं.

पण पोटऱ्या चार दिवस ठणकत होत्या, एर्सिलिया.
पोटऱ्यांना कुणी विचारलं नाही
लाट खरी होती का म्हणून.

ती जरा वेळ गप्प.
"माझा भात करपला होता," म्हणते.
"पातेलं अजून काळं आहे. घासून निघत नाही."

तेच.
डोक्याच्या आत बदामाएवढा एक पहारेकरी बसलेला असतो.
त्याला माझा कागद वाचता येत नाही.
त्याला भोंगा तेवढा येतो.
तो वाजवतो, की काळीज धावायला लागतं,
रक्त मांड्यांकडे निघतं,
श्वास इतके भराभर, की आतला नको तेवढा वायू बाहेर पडतो,
मुंग्या येतात त्या त्यानेच.
पळायची सगळी तयारी,
आणि समोर टेकडी नाही,
सुट्टे मोजणारं गिऱ्हाईक आहे.

"पण वायरीत पाणी शिरलं कुठून?"

इथे मी अडतो.
तुझ्या वडिलांनाही असं व्हायचं, तेव्हा त्याला नाव नव्हतं.
रुदेसिंदोची होडी सापडली, तो नाही, त्या हिवाळ्यापासून
तू चार तासांवर झोपलेली नाहीस.
दिवसाला सहा कप कॉफी.
कारखान्यानं मार्चमध्ये माणसं कमी केली.
कदाचित यातलं सगळं, थोडं थोडं,
कदाचित यातलं काहीच नाही.
आणि एकदा होऊन गेलं, की पुन्हा होईल ही भीती
तीच पाणी होते, तीच झिरपते.
गुरुवारी ये. हे सगळं डॉक्टरांनाही सांग, कॉफीसकट.
यातून बाहेर पडलेली माणसं आहेत.

"तुला एवढं कसं माहीत?"

निएब्लाहून येणाऱ्या फेरीत, गेल्या वर्षी,
संडासात कडी लावून
मी एकशे बारा रिव्हेट मोजले होते.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.
हिला सांगितलं.

ती हसली नाही. कागद मागितला,
घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला, सुरीशेजारी.

तेवढ्यात बंदरात फेरीनं भोंगा दिला,
रोजचा, साडेबाराचा,
आणि आम्ही दोघं
एकाच वेळी दाराकडे वळलो.