किंग ऑफ विटा

प्रवेश घेतला त्या दिवशी आधी कानांची सोय पाहिली.
आमच्या खात्यात सोळा माग. सगळे एकदम चालले
की स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही.
आठशेचा हेडफोन आणला, जाड उशांचा,
तरी धोटा आत शिरलाच :
खटाक् खट्, खटाक् खट्, लेखाशास्त्र, खटाक् खट्.

मग कांड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्यावर वेळापत्रक लिहिलं.
बाजाराच्या दिवशी काहीच ठेवलं नाही,
स्वतःला ओळखून आहे मी.
बीम बदलायचा असतो त्या रात्री फक्त वाचन.
पुठ्ठा मीटरच्या पेटीवर अडकवला.
म्हेत्रेशेठ येता-जाता बघायचे,
एकदा चष्मा वर करून म्हणाले,
"बुधवारी दोन विषय? जमायचं नाही."
दुसऱ्या दिवशी मी एक गुरुवारी ढकलला.
शेठ चुकले नव्हते.

मोबाईल पुतण्याचा जुना.
काचेला कोपऱ्यात तडा, त्यामुळे प्रत्येक ताळेबंदात
उजवी बाजू जरा मोडलेली दिसते.
डेटा दिवसाला दीड जीबी. संपला की संपला.
म्हणून पहाटे, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत,
आदल्या दिवसाचे तास उतरवून घ्यायचे, मग पाहायचे.
पहिला महिना हे कळायला गेला.
पहिल्या महिन्यात मी तीनदा सोडून दिलं होतं.
कुणाला सांगितलं नाही, म्हणून परत येता आलं.

दोरा तुटला की माग आपोआप थांबतो.
तेवढी अक्कल त्याला दिलेली आहे.
मग टोक हुडकायचं, फणीतून ओढायचं, गाठ मारायची.
माझं तसं नव्हतं.
माझं तुटलं तरी व्हिडिओ पुढे चालूच,
आणि वीस मिनिटांनी कळायचं
की कापडात केवढी फट पडलीय.
आता कळलं नाही की तिथंच बोट ठेवते, थांबवते,
मागे जाते. लाज वाटत नाही.
बघतंय कोण?

एकदा ऐन तासात हेडफोन मेला.
सर दिसत होते, आवाज नव्हता.
घाबरले नाही मी.
पलीकडच्या रांगेतून हौसाक्का "चहा?" म्हणते
तो चौदा वर्षं ओठांवरच ऐकत आलेय.
सरांचे ओठ सोपे निघाले.
सावकाश बोलतात बिचारे, आणि मिशी नाही.
अर्धा तास असा वाचून काढला मी माणूस,
फक्त "घसारा" दोनदा "पसारा" वाटला.

तो घसाराच पुढच्या तासाला आला.
पडद्यावर माझं नाव पुतण्यानं घातलेलं तेच राहिलेलं,
बदलायचं कसं ते माहीत नव्हतं.
सर हजेरीतून एकेकाला उठवत होते.
"किंग ऑफ विटा," सर म्हणाले,
"यंत्रावर घसारा का आकारतात?"
पोरं हसली असतील. त्यांचे माइक बंद होते.

मी माझा उघडला.
आणि माझ्याआधी सोळा माग आत गेले
त्या सगळ्या पोरांच्या घरात,
कुठं साताऱ्याच्या खोलीत, कुठं मिरजेच्या गॅलरीत,
खटाक् खट्, खटाक् खट्.
सर दचकले. कानाला हात लावला.
त्यांचे ओठ मला दिसले :
"अहो, मागे हे काय चाललंय?"

"घसारा, सर," मी म्हणाले.
"दर वर्षी झिजतंय. शेठ वहीत लिहीत नाहीत,
म्हणून नफा दिसतोय तेवढा नाही."

सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग वळून फळ्यावर लिहिलं, जसंच्या तसं.

त्या रात्री पुतण्याला विचारून नाव बदललं.
वैजयंता चोथे.
अंगठा दोनदा घसरला, वेलांटी राहिली, पुसलं, परत.
तोवर तीन नंबरचा माग थांबलेला.
उठले. टोक हुडकलं.