सतरा नंबरचा दगड

बोरगोंदीच्या पुढं बैलगाडीची वाट मुरमात हरवते,
तिथं टेकडीच्या पाठीवर दगडांची वर्तुळं.
मी नकाशे काढणारा.
पांढऱ्या ऑइलपेंटनं एकेका दगडावर आकडा घातला.

झिंगर नेहारे, गावाचा गायकी, काठीवर हनुवटी टेकून बघत होता.
"हे तं गोठे आहेत सायेब, राजाचे.
त्याच्या गाई मोठ्या होत्या,
म्हनून खुटे बी मोठे."
मी वहीत लिहिलं : लोकसमजूत.

मुरूम संपला आणि काळी माती लागली, टेकडीवरची नव्हे,
कुणीतरी नाल्यातून टोपल्यांनी वर आणलेली.
मैनाबाई चुंबळ सारखी करता करता थांबली.
"म्हंजे हेच काम," ती म्हणाली, "पन उलटं.
त्याइले रोजी किती भेटे?"

चौथ्या दिवशी घोडा.
कवटीवर तांब्याचा पत्रा, हिरवा,
जबड्यात गंजून फुगलेला लगाम.
शेजारी माणूस, फारच थोडा उरलेला :
चार दात, आणि एक बांगडी
जिच्यात हात नव्हता.

झिंगरनं जनावराच्या दातांवरून अंगठा फिरवला
बाजारात फिरवतात तसा.
"जवान होता. सात वर्साचा. काऊन मारला?"
पुढच्या मार्चात प्रयोगशाळेचं पत्र आलं : वय सहा ते आठ.
काऊन,
त्याला रकाना नव्हता.

मधेच एका सकाळी सतरा नंबरवर शेंदूर.
कुणी लावला विचारलं तर सगळे गवताकडे बघायला लागले.
फोटोसाठी दगड साफ हवा होता.
मी कापूस, स्पिरिट घेऊन बसलो,
शेंदूर निघाला, माझा आकडाही निघाला,
आणि आकड्याखालून बोटभर खोल खळगे, दोन ओळींत,
अकरा.
एक माझ्याच रंगानं बुजलेला.
मैनाबाईचा नातू जेवणाच्या सुट्टीत
त्यांत चिचोके मांडून खेळत असे,
त्याला ते आधीपासून ठाऊक होते.
मी कुणाला सांगितलं नाही. नकाशा मात्र पुन्हा काढला.

बुजवायच्या दिवशी साहेबांनी तळाशी
चालू सालाचं नाणं टाकलं,
पुढं कुणी खणलं तर त्याला कळावं म्हणून.
मैनाबाईनं पदराची गाठ सोडली
आणि घोड्याच्या रिकाम्या जागेवर मूठभर ज्वारी टाकली.
"पुढच्यांना कळावं म्हणून?" मी विचारलं.
"नाई बाप्पा. घोड्याले."

मग तिनं टोपली उचलली.
"चला," म्हणाली, "आता सुलटं."