मठारकाम

साखर मला लागली त्याला सव्वीस वर्षं झाली.
लागली ती कागदावर,
जिभेला तिचा पत्ताच नव्हता.
मग ती पायांत उतरली आणि तिथेच राहिली
तांबट लेनमधल्या भट्टीसारखी:
दिवसा राख, रात्री निखारे.

चादरीचा काठही सोसेना
म्हणून रजनीने पायथ्याशी पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं,
चादर त्याच्यावरून.
त्या बोगद्यात माझी पावलं
पहाटेपर्यंत जळायची.
गोळ्यांनी दिवस पेंगला, रात्र जागीच.

मायको सर्कलच्या बोरस्तेबाई म्हणाल्या,
पाय थंडगार आहेत हो काका,
खोटा निरोप जातोय वर.
वाटेत अडवून बघू.

पालथं झोपवलं. पाठीत सुई, सुईतून तार,
आम्ही कळशीच्या काठात वळवतो तिच्याहून कितीतरी बारीक.
मुंग्या कुठे येतायत?
डाव्या पोटरीत.
आता?
खाली घ्या. अजून. जरा उजवीकडे. हां, तिथेच.
चाळीस वर्षं पोरांना मी हेच सांगत आलो,
हंड्यात हात घालून, डोळे मिटून,
ठोका कुठे पडायला हवा ते.
आज हंडा मी होतो.

सात दिवस यंत्र कमरेला, बाहेरच.
वाकायचं नाही, अंघोळ नाही,
जमलं तर आत बसवू, नाहीतर काढून टाकू.
गिऱ्हाईकसुद्धा भांडं वाजवूनच घेतं.
तिसऱ्या रात्री मी खोकं उचलून
पलंगाखाली सारलं.
रजनीला बोललो नाही.
सकाळी तिने ते पाहिलं
आणि माझ्या चहात साखर घातली, चुकून.

आता बॅटरी कातडीखाली.
संध्याकाळी चार्जिंगला बसलो की
नातू विचारतो, आजोबा, किती टक्के?
आतून सेकंदाला पन्नास ठोके, हलके.
मठारताना हात हलकाच ठेवायचा असतो,
जोर लावला की पत्रा फाटतो.

पण परवा टाचेत तांब्याची कातर निघाली,
काडेपेटीच्या काडीएवढी.
मोजा ओला कशाने, म्हणून रजनीने पाहिलं.
मला काहीच कळलं नव्हतं.
आग गेली, बधिरपणा तसाच.

म्हणून रोज झोपताना
आरसा जमिनीवर ठेवतो
आणि तळवे बघतो, आधी डावा, मग उजवा,
दुकानातून भांडं बाहेर जाण्याआधी
बूड बघायचो तसे.